नाही त्या चौकशा

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत साने चौक, मोरेवस्ती, शरदनगर या बाजूला खोली शोधत फिरणाऱ्याला भाड्याचा आकडा कानावर पडण्याआधी स्वतःबद्दल बरंच काही सांगावं लागतं. "गाव कुठलं?" इथून सुरुवात. मग "आडनाव काय म्हणालात?" मग "कंपनी कुठली? पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट?" मग "फॅमिली आहे का एकटेच?" इथे फॅमिली म्हणजे बायको-पोरं. गावाकडं आई-वडील, दोन भाऊ आणि आजी असली तरी माणूस 'एकटाच' धरला जातो. डिपॉझिटचं ठरून मालक जिना उतरायला लागला की शेवटचा प्रश्न पाठमोराच येतो, "नॉनव्हेज वगैरे काही...?"

पाचही प्रश्न एकाच माणसाचे आणि एकाच सुरातले. तरी ऐकणाऱ्याला ते सारखे लागत नाहीत. गाव विचारलं ते ओळखीचा धागा लागतो का बघायला. 'परभणी' म्हटल्यावर "मग आमच्या मागच्या खोलीत तुमच्याकडचेच दोघं आहेत की" असं उत्तर आलं, तर नव्या माणसाचं अर्धं ओझं तिथंच उतरतं. कंपनी विचारली ती भाडं थकू नये म्हणून. आडनाव कशासाठी विचारलं, हे मात्र विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. आडनावावरून जात काढायची आणि मग 'खोली कालच दिली' म्हणायचं, ही रीत शहरांनी गावाकडून जशीच्या तशी उचलली आहे.

दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. भोचक, चोंबडा, आगाऊ, उचापत्या, लुडबुड्या, चहाडखोर, चुगलखोर, कळलाव्या, काडीबाज, फुकट फौजदार. आणि याच घराण्यातला, पण चांगल्या घरी दिलेला एक शब्द म्हणजे चौकस. चौकस मुलाचं कौतुक होतं, भोचक मुलाला धपाटा मिळतो. दोघांनी विचारलेला प्रश्न मात्र पुष्कळदा एकच असतो.

चिखलीत या शब्दांना काम जास्त आहे, त्याला कारण आहे. पिंपरी-चिंचवडला साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, टेल्कोसारखे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. इंद्रायणीकाठची चिखली तोवर शेती करणारं गाव होतं. १९९७ मध्ये मोशी, तळवडे वगैरे गावांबरोबर तीही महापालिकेत आली आणि पुढे चाकणचे कारखाने वाढले तशी इथली वस्ती भराभर दाट झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोल्हापूर-सांगली, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहार, अशा सगळीकडची माणसं एकेका जिन्यावर राहायला लागली. मूळ गावात कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, कारण सगळ्यांना सगळं ठाऊकच होतं. कोणाची सून माहेरी का गेली आणि कोणाचा बांध कोणी कोरला, याच्या चौकशीची गरज पडत नसे. अनोळखी माणसांच्या वस्तीत मात्र पहिल्यापासून विचारावं लागतं. शहरात कुणी कुणाला विचारत नाही म्हणतात. ते मोठ्या सोसायट्यांपुरतं खरं असेल, कामगारवस्तीला लागू नाही.

या शब्दांमधला फरक कळायला एका बातमीचा प्रवास बघावा. समजा, दुसऱ्या मजल्यावरच्या एका पोराचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. तो चार दिवस फर्स्ट शिफ्टच्या वेळेला खोलीवरच दिसला. शेजारच्या मावशी दारातून म्हणतात, "काय रे, सुट्टी का? बरं नाही का?" इथवर सगळं आस्थेचं आहे. तो "हो, जरा अंगात कणकण आहे" म्हणतो, तरी त्या पुढं जातात, "मग कंपनीनं ईएसआयचं काही दिलं का? पगार कापत्यात का?" इथे भोचकपणा सुरू झाला. भोचक माणसाचा गुन्हा तोंडापुरता असतो. समोरच्यानं दार लोटून घेतलं तरी त्याला फटीतून अजून एक प्रश्न सरकवायचा असतो.

खालच्या मजल्यावरचे काका याच्या पुढची पायरी. ते काही न विचारता आपल्या ओळखीच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरला फोन लावतात, पोराचं वय-शिक्षण अंदाजानं सांगतात आणि संध्याकाळी येऊन कळवतात, "उद्या साडेसातला गेटवर जा, मी सांगून ठेवलंय." पोराला मुळात गावी जायचं होतं. हा चोंबडेपणा. चोंबडा माणूस हातापायांनी वावरतो, न सांगितलेलं काम अंगावर घेतो आणि वर आभाराची अपेक्षा ठेवतो. 'कोणाची म्हैस, कोणाला ऊठबैस' ही म्हण याच जातकुळीची आहे. म्हैस दुसऱ्याची, आणि तिच्या चाऱ्यापाण्यासाठी धावपळ करणारा तिसराच कुणी. फुकट फौजदार हा त्याचा चुलतभाऊ. तो कामही करत नाही, नुसती हुकमत गाजवतो. त्याला मराठीनं उत्तरही तयार ठेवलंय: "तू कोण लागून गेलास टिकोजीराव?"

एव्हाना बातमी पाण्याच्या टाकीपाशी पोचलेली असते. तिथे ती 'कॉन्ट्रॅक्ट संपलं'ची 'काढून टाकलं' होते आणि टपरीवर जाईपर्यंत 'काहीतरी भानगड केली असणार' होते. हे काम एकट्याचं नसतं, कुचाळक्या सामुदायिक असतात. पण यातला एखादाच असा निघतो, जो ती बातमी मुद्दाम मालकाच्या कानावर घालतो: "बघा बुवा, पुढच्या महिन्याचं भाडं येतंय का." तो चहाडखोर. चहाडी नेहमी वरच्या माणसाकडे केली जाते, बरोबरीच्याकडे केली तर त्या नुसत्या गप्पा होतात. आणि मालकाला पोराविरुद्ध, पोराला मावशींविरुद्ध पेटवून, स्वतः जिन्यात उभा राहून मजा बघणारा तो कळलाव्या. हल्ली त्याला काडीबाज म्हणतात, आणि कंपनीत त्याच्या कामाला 'पिन मारणे'.

या सगळ्या साखळीत मराठीनं आणखी एकाला पकडलंय, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हलक्या कानाचा. चहाडी ऐकणारा, कान भरून घेणारा. गिऱ्हाईक असल्याशिवाय दुकान चालत नाही, हे आपल्या भाषेनं नीट ओळखून ऐकणाऱ्यावरही ठपका ठेवला आहे.

कारखान्यात या शब्दांना थेट दुखापतीचा संदर्भ येतो. छोट्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. प्रेसचं सेटिंग कुणी केलंय, कशासाठी बदललंय, हे ठाऊक नसताना बटण दाबलं तर बोट जातं. पंचतंत्रात नेमकी हीच गोष्ट आहे. देवळाच्या बांधकामावरचे सुतार दुपारी जेवायला जातात. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात त्यांनी पाचर ठोकून ठेवलेली असते. माकड ओंडक्यावर बसतं, पाचर उपटतं आणि फटीत सापडून मरतं. शाळेच्या पुस्तकात माकडाची शेपटी अडकते. मूळ संस्कृतात शेपटीहून नाजूक अवयव आहे, तो लहान मुलांसाठी बदलावा लागला. 'अव्यापारेषु व्यापार' हा वाक्प्रचार त्याच गोष्टीतून मराठीत आला आणि वर्तमानपत्री अग्रलेखांत अजून टिकून आहे. वर्कशॉपमध्ये त्याचं सुटसुटीत रूप चालतं: "नसती उठाठेव करू नको."

सगळ्यात मजेशीर शब्द पंचाईत. मूळ पाच जणांची पंचायत, गावाचा निवाडा करणारी. तिच्यापासून निघालेल्या 'पंचाईत'ला दोन अर्थ चिकटले. एक अडचण: "पाहुणे आले आणि गॅस संपला, मोठी पंचाईत झाली." दुसरा लुडबूड: "तुला कशाला नसती पंचाईत?" निवाडा करणारे पाच जण हीच एक अडचण असते, असं कुणाच्या तरी मनात असल्याशिवाय एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटतील? चिखलीची ग्रामपंचायत महापालिकेत आल्यावर बरखास्त झाली. पंचाईत करायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही, ती चालूच आहे.

हा विनोद थांबतो तिथे जातपंचायत सुरू होते. चिखलीपासून जवळच, पिंपरीच्या भाटनगरात जानेवारी २०१८ मध्ये काही तरुणांना एका लग्नाच्या ठिकाणी मारहाण झाली. कंजारभाट समाजातल्या नववधूंच्या कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी मोहीम उघडली होती, विवेक तमायचीकर हे तिचे एक प्रमुख. मार खाल्लेले तरुण त्या मोहिमेतले होते. लग्नाच्या रात्रीचा जाब पंचांसमोर द्यायचा, याहून खोलवर कुणाच्या घरात नाक खुपसता येत नाही. प्रकरण पोलिसांत गेलं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा, तो जुलै २०१७ पासून लागू झाला होता; आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारनं अशी चाचणी लैंगिक अत्याचार धरली जाईल असं जाहीर केलं. भोचक, चोंबडा हे शब्द इथे तोकडे पडतात. ते शेजाऱ्यांसाठी घडलेले शब्द आहेत. हातात शिक्षा देण्याचं बळ असलेल्यांसाठी भाषेनं हलकाफुलका शब्द तयार केलेला नाही, हे बरंच झालं.

मग दुसऱ्याच्या घराकडे बघूच नये का? कायदा तसं म्हणत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं चौथं कलम असं की, घरात बाईला मारहाण होतेय असं वाटण्यास कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा तर पुढं जाऊन सांगतो की, ठाऊक असूनही न कळवणं हाच गुन्हा. पत्र्याच्या किंवा चार इंची विटेच्या भिंतीपलीकडून रोज रात्री आवाज येतात आणि सकाळी नळावर सगळे म्हणतात, "त्यांच्या घरातलं आहे, आपल्याला काय करायचंय." एरवी त्याच घरात फ्रीज कितीचा आणला, हप्ता किती, हे सगळ्यांना पाठ असतं. फ्रीजच्या बाबतीत भोचक आणि मारहाणीच्या बाबतीत सभ्य, अशी ही विभागणी आहे. कडक शब्द हवा असेल तर तो इथे हवा होता, आणि नेमका तोच मराठीत सापडत नाही.

सरकार स्वतःही विचारतं, आणि फॉर्म भरून मागतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. भाडेकरू ठेवला की त्याचा फोटो, ओळखपत्र, मूळ पत्ता, कामाचं ठिकाण पोलिसांना कळवणं घरमालकावर बंधनकारक असतं. चिखलीतच महापालिकेचा मोठा घरकुल प्रकल्प आहे, तिथल्या सदनिकेत लाभार्थ्यानंच राहायचं अशी अपेक्षा. त्यामुळे तिथे "इथं कोण राहतं हो?" असं कुणी सहज जरी विचारलं तरी उत्तर देणाऱ्याचा आवाज बदलू शकतो. राज्यकारभाराला बातम्या लागतातच. शिवकाळात घडामोडींची नोंद ठेवणारा वाकनीस हा अष्टप्रधानांतला एक हुद्दा होता आणि बहिर्जी नाईकांचं नाव हेरगिरीसाठी आजही आदरानं घेतलं जातं. पगार आणि हुद्दा मिळाला की भोचकपणाला मान मिळतो.

अशी दुहेरी वागणूक नारदाच्या वाट्यालाही आली. टाळगाव चिखली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात महापालिकेनं जगद्गुरू संत तुकाराम महाराज संतपीठ उभारलंय. देहू जवळ, आळंदी जवळ, त्यामुळे कीर्तन-भजनाची सवय इथल्या मातीला जुनी. कीर्तनकार जिथं उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात आणि तिथं चढताना नमस्कार करतात. तोच नारद गल्लीत आला की 'कळीचा नारद' होतो, इकडची तिकडे करणारा. सप्ताहात त्याच्या गादीला हात जोडणारी माणसं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला त्याच्याच नावानं शिवी देतात, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

खटकायला हव्यात अशा गोष्टी वेगळ्या आहेत. 'चोंबडी' आणि 'गावभवानी' बाईला पटकन म्हटलं जातं. पारावर किंवा टपरीवर पुरुष तासभर हेच करत असतील तर त्याला 'चर्चा', फार तर 'राजकारण' म्हणतात. आणि 'चांभारचौकशी' हा शब्द. एका कष्टकरी जातीचं नाव निरर्थक उचापतीला जोडून तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. आता बरेच जण तो टाळतात, आणि टाळल्यानं भाषेचं काही अडत नाही. 'नाही त्या चौकशा' म्हटलं तरी फटका तेवढाच बसतो.

टोपणनावं मात्र काळाबरोबर बदलत गेली. वाड्यातल्या बातमीबहाद्दर काकू आधी 'आकाशवाणी' होत्या, मग 'बीबीसी' झाल्या, आता सोसायटीच्या गेटसमोर ज्यांची खिडकी उघडते त्या 'सीसीटीव्ही' आहेत. टीव्हीवरच्या बिग बॉस मराठीत तर 'चुगली बूथ' नावाचा प्रकारच आला, चुगलीला व्यासपीठ आणि प्रायोजक दोन्ही मिळाले.

जगात इतरत्रही असे शब्द भरपूर आहेत. इंग्रजांकडे नोझी पार्कर, म्हणजे नाकखुपश्या पार्कर. यहुद्यांच्या यिडिश भाषेत येन्टा, जे मुळात बायकांचं साधं नाव होतं. पण चिखलीला सगळ्यात शोभेल असा शब्द इटलीतल्या बोलोन्या शहरात सापडतो: उमारेल. हात पाठीमागं बांधून खोदकामाच्या कुंपणाशी उभा राहणारा, कामगार चुकतायत असं मनात म्हणणारा आणि संधी मिळताच तोंडानंही म्हणणारा निवृत्त गृहस्थ. दानिलो मासोत्ती या लेखकानं तो शब्द लोकप्रिय केला आणि आता तो इटालियन शब्दकोशातही गेलाय. आपल्याकडे २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई'नं समाजमाध्यमांवर धुमाकूळ घातला, तेव्हा हीच मंडळी देशभर दिसली. जेसीबी कंपनीचा एक कारखाना इथून फार लांब नाही, तळेगावजवळच आहे. चिखलीत ड्रेनेजसाठी, केबलसाठी, मग त्याच रस्त्याच्या काँक्रीटसाठी खोदाई सुरू झाली की कोपऱ्यावर असे चार उमारेल उभे राहतातच. त्यांना मराठीत स्वतंत्र शब्द नाही, कारण त्यांचा कुणाला त्रास नाही. 'बघे' म्हटलं की भागतं.

खासगीपणाच्या बाजूनं मात्र मराठीचं कपाट बरंच रिकामं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगी आयुष्याचा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा बातमीसाठी 'गोपनीयता' हा सरकारी कागदावरचा शब्द वापरावा लागला. 'खासगी' हा शब्दही फारसीतून, दरबारी वळणानं आलेला. होळकरांच्या संस्थानात राजघराण्याच्या मालमत्तेचं खातं त्याच नावानं ओळखलं जाई. खासगी काही असणं ही राजेलोकांची गोष्ट होती. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात आणि सामाईक संडासाच्या रांगेत कोण किती वेळा उभा राहिला हेही सगळ्यांना कळतं, तिथे हा शब्द कुणाच्या तोंडी बसणार?

म्हणून इथली माणसं शब्दापेक्षा उत्तरं वापरतात, आणि त्यात ती पटाईत झाली आहेत. "पगार किती हातात येतो?" याला उत्तर "भागतंय." "गावाकडं जमीन किती?" "आहे थोडीफार." "लग्नाचं काय मग यंदा?" "पत्रिका तुम्हालाच पहिली." "आडनाव काय म्हणालात?" याला काही तरुण हल्ली नुसतं पहिलं नाव सांगतात, वडिलांचं नाव जोडतात आणि थांबतात. विचारणारा क्षणभर वाट बघतो. मग विषय पाण्याच्या वेळेवर जातो: नळ सकाळी सहाला येतो, बादल्या आदल्या रात्री लावून ठेवा.